सात इंचांचा फरक

नरसिंहरावांनी उभ्या आयुष्यात बास्केटबॉलला हात लावला नव्हता. लावण्याचं कारणच नव्हतं. बसवनगुडीतल्या महिला कॉलेजात ते तेवीस वर्षं तर्कशास्त्र शिकवत होते आणि तर्कशास्त्राला चेंडू लागत नाही. तरीही १९९६ च्या जूनमध्ये, कॉलेज उघडलं त्याच दिवशी, प्रिन्सिपॉल मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की यंदा बास्केटबॉलच्या राखीव सीटवर कुठली मुलगी घ्यायची, ते तुम्ही ठरवायचं.

"मॅडम, पण मी तर लॉजिकचा माणूस."

"गेल्या वर्षी सही कुणाची होती?" मॅडमनी विचारलं.

सही त्यांचीच होती. गेल्या वर्षी त्या सीटवर आलेल्या मुलीच्या दाखल्यावर 'या विद्यार्थिनीस मी व्यक्तिशः ओळखतो, तिचे वर्तन उत्तम आहे' असं लिहून खाली नरसिंहरावांनी सही ठोकली होती. शिपायानं चाळीस दाखल्यांची चळत आणली होती आणि कॉफी निवत होती, एवढंच त्यामागचं कारण. पुढे स्पर्धेच्या ऐन दुसऱ्या सामन्यात प्रेक्षकांतून एक तीन वर्षांचं पोर 'अम्मा, अम्मा' करत थेट कोर्टात धावलं आणि कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूच्या पायांना मिठी मारून बसलं. चौकशीअंती कळलं, की दाखला होता एका मुलीचा आणि खेळत होती तिची सव्वीस वर्षांची, बँकेत नोकरी करणारी मावसबहीण. टीम बाद झाली. वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या. त्यातल्या दीड ओळी नरसिंहरावांवर होत्या आणि त्या त्यांना पाठ होत्या.

"यंदा जर असली काही भानगड झाली," मॅडम म्हणाल्या, "तर टीम बंद. त्या कोर्टावर स्कूटर स्टँड करायचा प्लॅन कमिटीनं काढून ठेवलाय. मुलगी खेळणारी पाहिजे आणि वागायलाही चोख पाहिजे. आणि हो, कुठल्या मुलीकडे जाताय, कशासाठी जाताय, हे कुणाला बोलू नका. दुसरी कॉलेजं मुली पळवतात."

पी.टी.च्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या. जाताना त्यांनी शालेय स्पर्धांमधल्या चांगल्या खेळाडूंची एक यादी ठेवली होती. नाव, गाव, उंची, गुण. खेळाचं बघायला यादी होती. वर्तनाचं बघायला मात्र नरसिंहरावांखेरीज कुणी नव्हतं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. कॉलेजची गुपितं कृष्णाबाईंना सांगणं म्हणजे बाहेर फोडणं, असं ते धरत नसत. कृष्णाबाईंनी आजवर नात्यातली अकरा लग्नं जमवली होती आणि अकराही टिकली होती. त्या म्हणाल्या, "चांगली मुलगी शोधायची एकच रीत मला येते. आधी शेजारी विचारायचं. मग कोपऱ्यावरच्या दुकानात. मग घर बघायचं. मुलगी सगळ्यात शेवटी. तोवर तिला विचारण्यासारखं स्वल्पच राहतं."

नरसिंहरावांनी विचार केला, तर त्यांना या रीतीत कुठेही तर्कदोष सापडला नाही. अनोळखी मुलगी, दुसऱ्यांच्या साक्षीवर, कायमची आपल्या घरात घ्यायची, हे जर माणसं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत, तर तीन वर्षांसाठी कॉलेजात घ्यायला तीच पद्धत पुरून उरावी. त्यांनी नवी वही आणली, तीत 'चारित्र्य' आणि 'कौशल्य' असे दोन रकाने आखले, आणि पुढच्या रविवारी इस्त्रीचा कोट घालून, सपत्नीक बाहेर पडले.

पुढे जे झालं ते होणारच होतं. पन्नाशी उलटलेलं एक जोडपं, नवऱ्याच्या अंगात कोट, बायकोच्या अंगावर मोठ्या काठाची साडी, दर रविवारी वेगळ्या पेठेत जाऊन अठरा वर्षांच्या मुलींची चौकशी करतं, आणि त्या जोडप्याला सत्तावीस वर्षांचा, इंजिनियर झालेला, अविवाहित मुलगा आहे. यातून काय अनुमान निघतं हे सांगायला बसवनगुडीला तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाची गरज नव्हती. तिसऱ्या रविवारपर्यंत अवधूतसाठी मुली बघताहेत ही बातमी तिथल्या मराठी समाजातल्या प्रत्येक घरी पोचली. अवधूतला ती ऑफिसात कळली. त्यानं फोन करून विचारलं, तेव्हा वडील म्हणाले, "तुझा याच्याशी काही संबंध नाही." हे त्याला अर्थातच आवडलं नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते समोरच्या मल्हाररावांना. हे निवृत्त पोस्टमास्तर. समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची नोंदवही गेली सोळा वर्षं त्यांच्याकडे होती. गोत्र, शिक्षण, उंची, वर्ण, सगळं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. ती वही न चाळता कुणी परस्पर मुली बघतो, म्हणजे पोस्ट ऑफिस समोर असताना पत्र हातानं पोचवण्यासारखं होतं.

"नरसिंहअण्णा," ते फाटकाशी उभे राहून म्हणाले, "तुम्ही म्हणे उंची विचारता. पाच-आठ तरी पाहिजे म्हणता. अवधूत स्वतः पाच-सहा. काय बघून चाललंय हे?"

"स्वल्प कारण आहे," नरसिंहराव म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे आणि खरं बोलायला बंदी होती, त्यामुळे त्या महिन्यात ते फार थोडं बोलले.

"आणि त्या चामराजपेटेतल्या मुलीला तुम्ही धावून दाखव म्हणालात?"

"गच्चीवर. दोनच फेऱ्या."

मल्हारराव फाटक उघडून आत आले. मग काळजीच्या सुरात म्हणाले, की सून घरात आल्यावर धावायचा प्रसंग फारसा येत नाही, सरी, असू दे, पण तुमच्या घरचं तुम्हाला माहीत. त्या दिवसापासून गल्लीतल्या बायका कृष्णाबाईंशी जरा मऊ आवाजात बोलायला लागल्या. नरसिंहरावांना हे सगळं दिसत होतं. तेवीस वर्षं ज्या गल्लीनं त्यांना वाकून नमस्कार केला, ती आता त्यांची कीव करत होती, आणि ते तोंडातून ब्र काढू शकत नव्हते. कॉलेजसाठी माणूस काय काय सोसतो हे पगारपत्रकावर कधीच येत नाही.

यादीतलं सगळ्यात निर्मळ नाव निघालं सुखदाचं. हे कुटुंब दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेलं, वडील व्हाइटफील्डकडे नव्या कंपनीत. शेजाऱ्यांनी मुलीची स्तुती केली. दुकानदारानं केली. लिफ्टमनसुद्धा म्हणाला, रोज गुड मॉर्निंग करते. सुखदाच्या वडिलांनी प्लास्टिकच्या फाइलमध्ये सत्तावीस प्रमाणपत्रं लावून ठेवली होती आणि ती पानं ते स्वतः उलटत होते. नरसिंहरावांनी 'चारित्र्य' रकान्यात 'उत्कृष्ट' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कोर्टावर तिला खेळवून पाहिलं. मुलगी पाच फूट आठ, हालचाल छान, पण कुणाला धक्का लागला की थांबून 'सॉरी' म्हणायची आणि कुणी हात पुढे केला की चेंडू त्याच्या हातात द्यायची. मग तो हात कुठल्या टीमचा आहे हे ती बघत नसे. अर्ध्या तासात तिनं अकरा वेळा सॉरी म्हटलं. नरसिंहरावांनी मोजलं.

"सून म्हणून सोन्यासारखी," कृष्णाबाई म्हणाल्या. "पण इथं सून नको आहे."

यादीत आता एकच नाव उरलं होतं. अनुषा, देवनहळ्ळी. गुण सगळ्यांत जास्त, उंची पाच फूट अकरा इंच. कुटुंब आपल्यातलंच, चार-पाच पिढ्या तिकडे राहिलेलं. नरसिंहरावांनी पत्र पाठवून सपत्नीक भेटीला येत असल्याचं कळवलं. मुलीची आई रत्नाबाई यांचं उलट टपाली उत्तर आलं: 'अवश्य यावे. मुलगी शांत, घरकामात हुशार. उंची पाच फूट चार इंच.'

नरसिंहरावांनी यादी आणि पत्र शेजारी शेजारी ठेवलं. सात इंचांचा फरक होता. एक तर पी.टी.च्या मॅडमनी मैदानावर मोजून केलेली यादी खोटी होती, नाहीतर आई. गेल्या वर्षीचं ते पोर त्यांच्या डोळ्यांसमोर धावून गेलं. इथंही एक मुलगी कागदावर आणि दुसरीच कोर्टावर, असं निघालं तर? तरीही ते बसमध्ये बसले, कारण यादीत पुढे नाव नव्हतं.

रीतीप्रमाणे आधी शेजारी. चंद्राबाई म्हणून एक बाई ओसरीवर डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांना फार विचारावं लागलं नाही.

"अनुषा? काय सांगू अक्का," त्या कृष्णाबाईंना म्हणाल्या. "पहाटे पाचपासून भिंतीवर चेंडू. धप्प, धप्प. चेंडू फुटला की यांच्या परसातली पपनसं घेते आणि विहिरीवर टांगलेल्या टोपलीत लांबून फेकते. चुकलेलं पपनस आमच्या अंगणात. आणि तोंड तर असं, की जे असेल ते समोरच बोलते. माझ्याकडे पाहुणे आले होते, तर त्यांच्यादेखत म्हणाली, काकू, ह्या पोळ्या कालच्या ना? होत्याही कालच्या. पण म्हणून बोलायचं?"

नरसिंहरावांनी वहीत 'चारित्र्य' खाली लिहिलं: उद्धट. भिंत. पपनस. शिळ्या पोळ्या. कोपऱ्यावरच्या दुकानदारानंही मान हलवून एवढंच म्हटलं, की पोरगी वजनात चूक काढते. तीही खरीच असते, हे त्यानं सांगितलं नाही. ते कृष्णाबाईंना त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

घरात सगळी तयारी होती. सतरंजी, उप्पीट, कॉफी, खिडकीला धुतलेला पडदा. अनुषाचे वडील सर्व्हे खात्यात, ते फिरतीवर होते. रत्नाबाई पदर सावरत, अंग चोरून दारापाशी उभ्या होत्या. मग अनुषा आली. हिरवी साडी, हातात ट्रे. ती अशा काही विचित्र चालीनं आली, की नरसिंहरावांना वाटलं पायाला लागलंय. तिनं ट्रे ठेवला, नमस्कार केला आणि तशीच, निऱ्यांच्या आत गुडघे वाकवून, उभी राहिली.

"उंची किती?" नरसिंहरावांनी वही उघडली.

"पाच-चार," रत्नाबाई म्हणाल्या.

"पाच-अकरा," अनुषा म्हणाली.

रत्नाबाईंनी मुलीकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर आणखी वाकली असती.

"आई, त्यांना पुढे कळणारच आहे. मुलाच्या शेजारी उभी राहिले की दिसेलच ना." मग ती पाहुण्यांकडे वळली. "मागं लग्नाच्या दोन जागा आल्या, तेव्हाही मला असंच वाकून उभं केलं होतं. गुडघे दुखतात. तुमच्या मुलाला उंच मुलगी नको असेल तर आत्ताच सांगा, मला राग येणार नाही." आणि ती सरळ झाली. डोकं दारावरच्या तोरणाला लागलं.

नरसिंहरावांनी वही मिटली. ही मुलगी, आपल्याला बघायला आलेल्या माणसांसमोर, आईनं जपून झाकलेलं एकमेव व्यंग, म्हणजे तिच्या आईच्या मते व्यंग, स्वतःच्या तोंडानं सांगत होती, आणि त्यानं काय बिघडणार हे तिला पुरतं ठाऊक होतं. दोन रकाने आखून त्यांनी सव्वा महिना पायपीट केली होती. इथं एका वाक्यात दोन्ही रकाने भरले होते. त्यांना एकदम फार बरं वाटलं.

"आम्ही लग्नासाठी आलेलोच नाही," कृष्णाबाईंनी सांगून टाकलं. "कॉलेजच्या बास्केटबॉलसाठी आलोय."

रत्नाबाईंना हे समजायला वेळ लागला. "म्हणजे तुम्हाला उंच मुलगी पाहिजे?" त्यांनी तीनदा विचारलं. गेली चार वर्षं ज्या गोष्टीपायी त्यांची झोप उडाली होती, ती कुणाला हवी असू शकते, हे त्यांच्या पचनी पडेना. मग परसात जाऊन परीक्षा झाली. अनुषानं पदर खोचला आणि विहिरीपासून वीस पावलांवरून आठ पपनसं फेकली. सात टोपलीत पडली. आठवं चंद्राबाईंच्या अंगणात पडलं आणि तिकडून तिच्या चारित्र्यावर आणखी दोन वाक्यं ऐकू आली. यावेळी नरसिंहरावांनी ती वहीत घेतली नाहीत.

त्यांनी दाखल्यावर सही केली. आधी सबंध दाखला दोनदा वाचला, मग केली. मॅडमनी विचारलं, "नक्की?" ते म्हणाले, "व्यक्तिशः ओळखतो." हे वाक्य उच्चारताना खरं असलं की जिभेला वेगळंच वाटतं, हे त्यांना त्या वयात कळलं. शारीरिक माहितीचा एक पिवळा फॉर्म पालकांनी भरून थेट युनिव्हर्सिटीला पाठवायचा होता. तो देवनहळ्ळीला पोस्टानं गेला आणि भरून युनिव्हर्सिटीत पोचलाही. त्याबद्दल पुन्हा कुणी विचार केला नाही.

सप्टेंबरात स्पर्धा सुरू झाली, ती यांच्याच कोर्टावर. आता गुपित राहिलं नव्हतं, म्हणून अख्खी गल्ली बघायला आली. मल्हारराव सगळ्यांत पुढे बसले होते. समाजाची माणसं जमतात तिथं वही लागते म्हणून वही मांडीवर होती. रत्नाबाई देवनहळ्ळीहून येऊन कृष्णाबाईंजवळ बसल्या होत्या. पहिल्या अर्ध्यात अनुषानं एकटीनं बावीस गुण केले. नरसिंहराव बाकावर कोट घालून बसले होते आणि प्रत्येक बास्केटला शेजाऱ्याला सांगत होते, की ही मी आणली.

दुसरा अर्धा सुरू व्हायच्या आत प्रतिस्पर्धी कॉलेजच्या मॅनेजरबाई युनिव्हर्सिटीच्या फाइलीतला एक पिवळा कागद घेऊन पंचांकडे गेल्या. पंचांनी कागद वाचला, अनुषाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि नरसिंहरावांना बोलावलं.

"सर, फॉर्मवर पाच फूट चार लिहिलंय. ही मुलगी पाच-चार आहे?"

"नाही. पाच-अकरा."

"मग फॉर्म कुणाचा आणि मुलगी कुठली?"

"मुलगी हीच. मी स्वतः घरी जाऊन, शेजारीपाजारी विचारून..."

"सर," पंच आवाज खाली आणून म्हणाले, म्हणजे पहिल्या तीन रांगांनाच ऐकू जाईल इतका, "गेल्या वर्षीही तुमचीच सही होती."

पंचांनी नियम सांगितला: दहा मिनिटांत ओळख पटली नाही तर टीम बाद आणि मुलीवर तीन वर्षं बंदी. प्रिन्सिपॉल मॅडम खुर्चीवरून उठून स्कूटर स्टँडच्या कमिटीतल्या एका गृहस्थाशी बोलायला लागल्या होत्या. अनुषा चेंडू काखेत धरून मधोमध उभी होती. गुडघे वाकवावेत असं त्या क्षणी तिलाही वाटलं असेल. पण ती सरळच उभी राहिली, आणि तिला तशी उभी बघून नरसिंहरावांना आपल्या सहीची लाज वाटली नाही. हरलो तरी ही मुलगी आपण निवडली, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

इतक्यात प्रेक्षकांतून रत्नाबाई उठल्या. कृष्णाबाई त्यांच्या मागोमाग निघाल्या, पण रत्नाबाई थांबल्या नाहीत. चपला रेषेबाहेर काढून त्या कोर्टात आल्या.

"फॉर्म माझ्या हातचा आहे," त्या पंचांना म्हणाल्या. "पाच-चार मी लिहिलं."

"का लिहिलं, अम्मा?"

रत्नाबाईंनी एकदा प्रेक्षकांकडे पाहिलं. तिथं अर्धा समाज बसला होता, मुलांच्या आया बसल्या होत्या, वही घेऊन मल्हारराव बसले होते. नरसिंहरावांना त्यांची नजर कुठे गेली ते कळलं. आता या बोलल्या, की हे घरोघरी जाणार होतं.

"कागद चार लोक बघतात म्हणून," त्या म्हणाल्या. "उंच मुलीला जागा येत नाहीत. चौदाव्या वर्षापासून मी हिची उंची चोरतेय. शाळेच्या कागदांवर चोरली, पाहुण्यांसमोर चोरली, सवयीनं इथंही चोरली. मोजा तुम्ही. पोरगी माझी आहे आणि पाच-अकरा आहे."

बास्केटची उंची तपासायची टेप पंचांकडे होतीच. अनुषाला खांबाला टेकवून उभं केलं. पाच फूट सव्वा अकरा भरली. पंचांनी फॉर्मवर आकडा खोडला आणि नवा लिहिला. शेजारी पालकाची सही पाहिजे म्हणाले. रत्नाबाईंनी सही केली. मग नरसिंहरावांनी स्वतःहून पेन मागून घेतलं आणि त्यांच्या खाली आपली केली, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

"नीट वाचता येईल असं लिहा," रत्नाबाई पंचांना म्हणाल्या. "सव्वा सोडू नका."

शिट्टी झाली. अनुषाच्या टीमनं सामना एकोणीस गुणांनी जिंकला, पण तो जिंकेपर्यंत रत्नाबाई आपल्या जागेवर गेल्या नाहीत. कोर्टाच्या कडेला, नरसिंहरावांच्या शेजारी उभ्या राहून त्यांनी तो पाहिला. मागच्यांनी एकदोनदा ओरडून सांगितलं, बाई, बसा, दिसत नाही. त्यांनी ऐकलं नाही. मध्येच त्यांना काही सांगावं म्हणून नरसिंहराव वळले, तर त्यांना मान वर करावी लागली. पाठ सरळ केल्यावर रत्नाबाई त्यांच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच होत्या.

"तुम्ही किती?" त्यांनी विचारलं.

"पाच-नऊ," रत्नाबाई कोर्टावरची नजर न काढता म्हणाल्या. "लग्नात पाच-दोन सांगितलं होतं."